बंबाची गोष्ट मुलांना वाचून दाखवताना



ज्यांना आपण सारे नुसतेच 'बाई' म्हणत आलो, त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. या व्यासपीठावरून यापूर्वी संतसाहित्य, इतिहास, स्त्रीशिक्षण अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी विवेचन केले आहे. मी माझा विषय कळवला, तेव्हा कार्यवाहांनी दूरध्वनी करून खात्री करून घेतली, "अग्निशामकांची चित्रपुस्तकेच ना?" मी म्हटले, होय, तीच. चार-पाच वर्षांच्या मुलांना वाचून दाखवण्यासाठी ती कशी निवडावीत, एवढाच माझा विषय आहे. बाई असत्या तर त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नसते. त्या एवढेच म्हणाल्या असत्या, "पुस्तके बरोबर आण. नुसते बोलू नकोस." म्हणून ही पिशवी मी बरोबर आणली आहे.

बालवर्गातल्या मुलांना लाल बंबाचे वेड का असते, यावर फार बोलण्याची गरज नाही. मोठा आवाज, मोठी शिडी, लांबलचक नळी आणि रस्त्यातल्या सगळ्यांना बाजूला व्हायला लावण्याचा अधिकार. ज्याला दिवसभर 'बाजूला हो' असे ऐकावे लागते, त्या जीवाला हे वाहन आवडले नाही तरच नवल. आमच्या वर्गात पुस्तक निवडण्याची पाळी मुलांवर आली की दहांतली सहा मुले बंबावर बोट ठेवत. आम्हीही ते आनंदाने वाचत असू. बंबाचे पुस्तक म्हणजे निरुपद्रवी, मनोरंजक आणि थोडेफार उपयुक्त, अशी माझी समजूत १९८७ च्या दिवाळीपर्यंत होती.

त्या दिवाळीत तुलसीनगरच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये फुलबाजीची ठिणगी पडद्याला लागली. घर आमच्याच बालवर्गातल्या एका मुलाचे. आई स्वयंपाकघरात, वडील बाहेर, आणि फुलबाजी याच्या हातात. पडदा पेटला, पडद्यावरून आग गादीवर आली, खोली धुराने भरली. शेजारी बादल्या घेऊन धावले, बंबही आला. आग फार पसरली नाही, पण मूल सापडेना. आईने हाका मारल्या, शेजाऱ्यांनी मारल्या, बंबावरच्या जवानांनी मारल्या. उत्तर नाही. शेवटी एक जवान पोटावर सरपटत आतल्या खोलीत गेला आणि दिवाणाखालच्या ट्रंकेमागून त्याने मुलाला ओढून काढले. मूल शुद्धीवर होते. खोकत होते, पण शुद्धीवर होते. मी तिथे पोचले तेव्हा तो जवान अंगणात बसून पाणी पीत होता. त्याला कसे कळले, असे मी विचारले. तो म्हणाला, "बच्चे हमेशा नीचे मिलते हैं, बहनजी. पलंग के नीचे, अलमारी में. आवाज़ दो तो बोलते नहीं."

दोन दिवसांनी मी त्या मुलाला विचारले, "तू ओ का दिली नाहीस?" त्याने दोन कारणे सांगितली. पहिले, बाबा रागावले असते. दुसरे, "ते माकडाला पकडणारे लोक आले होते."

श्रोतेहो, ते माकड मी वर्गात आणले होते. एका पालकांच्या अमेरिकेतल्या नातलगांनी पाठवलेले 'क्युरिअस जॉर्ज' हे पुस्तक मी पंधरवड्यापूर्वी मुलांना मराठीत सांगत सांगत वाचून दाखवले होते. १९४१ सालचे हे प्रसिद्ध पुस्तक. जॉर्ज नावाचे खोडकर माकड दूरध्वनीशी खेळते, चुकून फोन अग्निशमन केंद्रात लागतो, बंब धावत येतात, आग कुठेच नसते, आणि माकडाला पकडून तुरुंगात टाकतात. मुले पोट धरून हसली होती. हा मुलगाही हसला होता. पण शिरस्त्राण घातलेली माणसे दारात उभी राहिली, तेव्हा त्याला हसू आठवले नाही; तुरुंग आठवला.

पुस्तकाला मी दोष देत नाही. ते लिहिणारे हान्स आणि मार्गरेट रे हे जर्मन ज्यू दांपत्य १९४० च्या जूनमध्ये सायकलींवर बसून पॅरिसमधून निसटले, आणि जॉर्जची हस्तलिखिते त्यांच्या सामानात होती. स्वतः आगीतून पळून आलेले ते पुस्तक आहे. मोठ्या मुलांना मी ते आजही देते. चूक होती ती माझी, कारण अग्निशामक या माणसाची मुलांशी पहिली ओळख मी त्या पुस्तकाने करून दिली. बाईंना मी हे सगळे सांगितले. त्यांनी सांत्वन केले नाही. कपाटातली बंबाची सगळी पुस्तके काढून टेबलावर मांडली आणि म्हणाल्या, "आता पुन्हा वाचू या. दिवाणाखाली बसून वाचल्यासारखी."

आज मी जे सांगणार आहे, ते सारे त्या दुपारपासूनचे आहे. त्या मुलाला काय ठाऊक असते तर तो ट्रंकेमागून बाहेर आला असता? हा एक प्रश्न मी प्रत्येक पुस्तकाला विचारू लागले. चित्रे सुंदर आहेत का, भाषा गोड आहे का, हे प्रश्न मी सोडले नाहीत, पण ते मागाहून येऊ लागले.

पहिली गोष्ट चेहऱ्याची. आगीत शिरणारा माणूस आपल्याला कसा दिसतो, याचा विचार करा. डोक्यावर शिरस्त्राण, तोंडावर मुखवटा, पाठीवर हवेचे नळकांडे, आणि श्वासागणिक घरघर आवाज. त्यात धूर आणि अंधार. जगभरातल्या अग्निशमन दलांचा हा अनुभव आहे की लहान मुले या आकृतीपासून दूर पळतात किंवा लपतात. म्हणून अनेक ठिकाणी जवान शाळेत येतात तेव्हा साध्या कपड्यांत येतात आणि मुलांसमोर एकेक वस्तू अंगावर चढवतात. आधी बूट, मग अंगरखा, मग मुखवटा. मुखवटा चढल्यावरही आत तोच काका आहे, हे मुलांना कळते. चांगले चित्रपुस्तक हेच करते. त्यात माणसाचा चेहरा आधी दिसतो. तो केंद्रात चहा पीत असतो, नळ्या वाळत घालत असतो, कुणाशी तरी हसत असतो. घंटा होते, तो पोशाख चढवतो, आणि पुढच्या पानावर मुखवटा येतो. या क्रमाने पाने नसतील, आणि पहिल्याच पानावर ज्वाळांतून मुखवटाधारी आकृती चालत येत असेल, तर ते पुस्तक चित्रकाराला शोभा देणारे असले तरी बालवर्गाचे नव्हे.

अमेरिकेतल्या लोइस लेन्स्की यांचे 'द लिटल फायर एंजिन' हे १९४६ चे पुस्तक या दृष्टीने मला फार आवडते. त्यातला नायक फायरमन स्मॉल हा बाहुल्यासारखा, पण त्याची कामे अगदी खरी. एका पानावर एक कृती. घंटा, पोशाख, गाडी, नळी, शिडी, एका मुलीची सुटका, आणि परत केंद्रात. कुठे आरडाओरडा नाही. पुस्तकाचा आकार मात्र इतका लहान की पंचवीस मुलांच्या वर्गात मागच्या ओळीला काही दिसत नाही. मी ते चार-चारांच्या घोळक्यांत वाचत असे आणि उरलेल्यांना माती देत असे. पुस्तक निवडताना ते हातात धरून खोलीच्या टोकाला कुणाला तरी उभे करावे आणि काय दिसते ते विचारावे, एवढे साधे काम आपण करत नाही.

दुसरी गोष्ट रागाची, आणि ती मला पहिलीपेक्षा अवघड वाटते. आपल्या हातून आग लागली, असे ज्या मुलाला वाटते ते मूल आगीपेक्षा रागाला अधिक भिते. आपली बरीचशी बोधप्रद पुस्तके नेमकी हीच भीती वाढवतात. बंटीने काडी ओढली, घर जळले, बंटीला शिक्षा झाली, मुलांनो काडी ओढू नका. असे पुस्तक मोठ्यांना समाधान देते. मुलाच्या लक्षात शिक्षा राहते. काडी तर ते एखाद वेळी ओढतेच, आणि मग दिवाणाखाली जाऊन बसते.

याउलट सामुईल मार्शाक या रशियन कवींचे 'पझार', म्हणजे 'आग', हे १९२३ सालचे दीर्घ बालगीत पाहा. पहिल्या आवृत्तीला कुस्तोदियेव यांची चित्रे होती. आई बाजारात जाताना बजावून जाते की चुलीचे दार उघडू नकोस. लेना ते उघडतेच. निखारा बाहेर उडतो, घर पेटते. कुझ्मा नावाचा अग्निशामक येतो, लेनाला वाचवतो आणि मग माळ्यावरून मांजरालाही काढून आणतो. मांजराला वाचवताना त्याचे जे हाल होतात, ते सारी मुले लक्षपूर्वक ऐकतात. चूक लेनाची आहे हे गीतात लपवलेले नाही. पण कुझ्मा तिला जाब विचारायला आलेला नाही. मी मराठीत सांगताना इथे मुद्दाम थांबत असे आणि कुझ्माच्या तोंडी माझ्या पदरचे एक वाक्य घालत असे, "कुणी केले ते नंतर. आधी बाहेर ये." अनुवादकाला हे स्वातंत्र्य नसते, हे मला ठाऊक आहे. मोठ्याने वाचणाऱ्या बाईला ते असते.

टॉलस्टॉय यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी लिहिलेल्या वाचनपाठांतील एक छोटी गोष्ट अशीच. लंडनच्या अग्निशमन दलातला बॉब नावाचा कुत्रा. एका जळत्या घरातून तो लहान मुलीला कपड्याला धरून ओढून आणतो. आई मुलीला कवटाळते. इतक्यात बॉब पुन्हा घरात धावतो. लोकांना वाटते आत आणखी कुणी आहे. तो बाहेर येतो तेव्हा त्याच्या तोंडात असते एक मोठी बाहुली. अर्ध्या पानाची गोष्ट, पण इतका नेमका शेवट मी क्वचित वाचला आहे. मुले टाळ्या पिटतात. एकदा टाळ्या थांबल्यावर एका मुलीने विचारले, "म्हणजे माझी बाहुली आत राहिली तर मीपण आणायची ना?"

मी ती गोष्ट वर्षभर वाचली नाही. मग पुन्हा वाचू लागले. साहित्याला सुरक्षेच्या तराजूत घालून एकेक गोष्ट बाद करत गेलो, तर कपाटात फक्त सूचनाफलक उरतील, अशी माझी धारणा आहे. पण त्या गोष्टीची जागा मी बदलली. ती मी मोठ्या शिशूंना वाचते, आणि 'एकदा बाहेर पडले की परत आत जायचे नाही' हे ज्या पुस्तकात चित्रांतून आले आहे, ते आधी होऊन गेलेले असते. मग टॉलस्टॉय. बॉबला कुणी हे सांगितले नव्हते, म्हणून तर गंमत.

आता आपल्या गावाकडे वळते, कारण भोपाळमध्ये बंबाचे पुस्तक वाचणे आणि पुण्यात वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठ्याने वाचताना आपण आवाज काढतो. बंबाचा भोंगा तर काढतोच. मीही काढत असे, आणि बरा काढत असे. आमच्या वर्गात एक सेविका होत्या, मुलांना दूध देणे, हात धुणे ही त्यांची कामे. मी भोंगा वाजवला की त्या भांडी तिथेच ठेवून बाहेर जात. मला वाटले, कंटाळतात. खूप दिवसांनी कळले की त्या जेपीनगरच्या. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा बाहेरच्या वस्तीसाठी असलेला भोंगा वाजला आणि काही मिनिटांतच बंद करण्यात आला. तो पुन्हा वाजू लागला तेव्हा दोनचा सुमार झाला होता, आणि लोक केव्हाच रस्त्यांवर पडू लागले होते. कारखान्यातल्या लोकांनी पाण्याचे फवारे मारले, पण वायू ज्या उंचीवरून बाहेर पडत होता तिथपर्यंत ते पोचले नाहीत. त्या बाईंच्या घरातली दोन माणसे त्या रात्री गेली होती. मी भोंगा सोडला आणि घंटा घेतली. टण टण टण. जुन्या बंबांना पितळी घंटाच असे, त्यामुळे चित्राशीही विसंगती झाली नाही. सेविका पुढे वर्गातच थांबू लागल्या. कधी कधी त्याच घंटा वाजवत.

याहून गंभीर प्रसंग नंतरचा. धूर झाला तर उभे राहू नये, खाली वाकून किंवा रांगत दाराकडे जावे, असे एका पुस्तकात होते. मुलांना रांगणे आवडतेच. आम्ही वर्गात चादरीचा धूर करून त्याखालून रांगण्याचा खेळ केला. दुसऱ्या दिवशी एका मुलाची आजी शाळेत आली. रागाने तिचे हात थरथरत होते. "हे काय शिकवता? त्या रात्री जे खाली होते तेच गेले. लेकरे गेली ती उंचीने लहान म्हणून गेली."

ती खोटे बोलत नव्हती. मिथाइल आयसोसायनेट हा वायू हवेपेक्षा जड, जवळजवळ दुप्पट. तो जमिनीलगत पसरला. घरातल्या आगीचा धूर गरम असतो, तो वर चढतो आणि छताखाली साठतो. जमिनीपाशी थोडा वेळ तरी श्वास घेण्याजोगी हवा राहते. दोन संकटे, दोन उलट उपाय. पुस्तक लिहिणाऱ्याला भोपाळ ठाऊक नव्हते, आणि मला ते ठाऊक असूनही सुचले नव्हते. बाईंनी आजींना बसवले, पाणी दिले आणि दोन्ही गोष्टी समजावून सांगितल्या. आजींचे पुरते समाधान झाले असे मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून ते पान वाचण्यापूर्वी मी पालकांना बोलावते आणि आधी त्यांना वाचून दाखवते. बालवाङ्मय हे घरी जाते. घरात कोण बसले आहे, ते ग्रंथसूचीत लिहिलेले नसते.

परदेशी पुस्तकांतून येणाऱ्या काही गोष्टींबद्दल थोडक्यात सांगते. ठिपक्यांचा डाल्मेशियन कुत्रा असतोच. घोड्यांचे बंब होते त्या काळी हे कुत्रे घोड्यांबरोबर धावत आणि त्यांना शांत ठेवत, त्याचा हा अवशेष. जवान ज्या खांबावरून घसरत खाली येतात तो खांब शिकागोत १८७८ मध्ये आला. ही दोन्ही मौजेची माहिती आहे, मुलांना जरूर द्यावी. पण आमच्या एका मुलाला 'आग लागली तर कुठे फोन करशील' असे विचारले, तेव्हा तो ठामपणे म्हणाला, "नऊ-एक-एक." तो अमेरिकेचा क्रमांक. आपला १०१, आणि आता सगळ्या संकटांसाठी एकच असा ११२. अशा पुस्तकातल्या क्रमांकावर मी पांढरी चिकटपट्टी लावून आपला क्रमांक लिहिते. पुस्तकप्रेमींनी मला क्षमा करावी.

त्या पुस्तकांतली आगही आपली नसते. लाकडी घर, फायरप्लेस, नाताळचे झाड. आपल्या मुलाच्या घरात गॅसची शेगडी आहे, थंडीत अंगणात शेकोटी आहे, दिवाळीत नायलॉनचा फ्रॉक आहे, जुन्या शहरात बंब शिरू न शकणारी गल्ली आहे. आणि भाजल्यावर टूथपेस्ट किंवा हळद लावणारी आपली माणसे आहेत. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी, एवढे एक चित्र ज्या पुस्तकात असेल, त्याची बाकीची उणीव मी सोसायला तयार आहे.

भाषेचा एक मुद्दा. आपण भोपाळचे मराठी लोक. मूल घरी मराठी बोलते, गल्लीत हिंदी, आणि बंबाला 'फायर ब्रिगेड' म्हणते. हिंदीत 'दमकल' हा सुरेख शब्द आहे, पण तोही मुलांच्या तोंडून गेला. मी हट्टाने 'बंब' म्हणते. एकदा एका मुलाने मला अडवले, "बंब तर आजीकडे आहे, नागपूरला. आंघोळीचा. त्यात तर आग असते!" मी निरुत्तर झाले. तांब्याच्या बंबाच्या पोटात खरोखरच निखारे असतात. पोर्तुगीजांच्या 'बोंबा' म्हणजे पंप या शब्दाशी आपल्या बंबाचे नाते सांगतात, त्यामुळे पाणी फेकणाऱ्या यंत्राला तो शब्द लागू पडला. पण पाच वर्षांच्या मुलाला व्युत्पत्ती काय सांगणार? मी म्हटले, एक बंब पाणी तापवतो, दुसरा आग गार करतो. त्याने ते मान्य केले आणि चित्रातल्या बंबावर आजीचा बंब काढून दिला.

नावाचा प्रश्न 'फायरमन' या शब्दातही आहे. वर्गातल्या मुली शिडीवर चढायला मागे राहू लागल्या, तेव्हा मला तो जाणवला. चित्रांत सगळे मिशीवाले. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ साली स्थापन झालेले. तिथे प्रवेश घेणारी पहिली स्त्री, नागपूरचीच हर्षिनी कान्हेकर, तिथे पोचायला एकविसावे शतक उजाडले. त्यांचे छायाचित्र मी वर्तमानपत्रातून कापून एका पुस्तकाच्या आतल्या मुखपृष्ठावर चिकटवले. मुलींना त्यावर काही सांगावे लागले नाही.

आता एका अवघड जागी येते. अग्निशामकाला कितपत वीर करावे? बहुतेक पुस्तकांत तो कशालाही भीत नाही, एकटाच जातो आणि सगळ्यांना वाचवतो. सत्य असे नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशामक गेले; त्यांच्या स्मरणार्थ आपण तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. आणि जवान असूनही सगळी मुले वाचत नाहीत. कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी ९४ मुले गेली. आपल्याच गावात ८ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली.

हे बालवर्गात वाचायचे नसते, हे उघड आहे. पण याची जाण ठेवून वाचायचे असते. 'तुला काही होणार नाही' असे वचन देणारे पुस्तक मी घेत नाही, कारण ते वचन देण्याचा अधिकार मला नाही. 'तुला शोधायला माणसे येतील' एवढे वचन मी देऊ शकते. 'तू आवाज दे' एवढी विनंती करू शकते. ज्या पुस्तकात नळी दोघांनी धरलेली असते, एकजण दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून धुरात शिरतो, कुणीतरी म्हणते 'थांब, आधी मी पाहतो', ते पुस्तक मला एकट्या वीराच्या पुस्तकापेक्षा अधिक खरे वाटते. आणि सांगू का, मोठ्याने वाचताना ते अधिक चांगलेही वाटते. दोन आवाज काढायला मिळतात.

१२ जून २०२३ रोजी सातपुडा भवनाला आग लागली, ती आपण सर्वांनी पाहिली. दुपारी सुरू झालेली आग रात्रभर धुमसत होती, आणि धूर शहराच्या टोकापर्यंत दिसत होता. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा मी शनिवारच्या वाचनासाठी आले होते. कुणी न सांगता मुलांनी जळती इमारत काढली. बहुतेक चित्रांत ज्वाळा पानभर आणि बंब काडेपेटीएवढा. एका चित्रात मात्र इमारतीच्या बाजूला, आगीपासून लांब, रेघेवर पाच माणसे उभी होती. मी विचारले, हे कोण? "हे बाहेर आलेले. मोजताहेत, सगळे आले का." ते एका पुस्तकातले पान होते. झाडाखाली जमून कुटुंब एकमेकांना मोजते, ते पान. मला त्या पानाचा नेहमी थोडा कंटाळा येत असे. चित्रात काही घडत नाही, म्हणून मी ते भरभर उलटत असे. मुलाने ते उचलले होते.

आमच्या गावात चांगली बालपुस्तके तयार होतात, याचा मला अभिमान आहे. 'एकलव्य' संस्था १९८२ पासून इथे काम करते. तिच्या मुलांच्या मासिकाचे नावच 'चकमक', म्हणजे गारगोटी, आग पाडणारा दगड. ते १९८५ मध्ये निघाले. 'एकतारा'ची पुस्तके आणि 'प्लूटो', 'साइकिल' ही मासिकेही इथलीच. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनाने आणि माधुरी पुरंदरे यांनी घर, शेजार, रोजचे जगणे चित्रपुस्तकात कसे आणावे याचा वस्तुपाठ घातला आहे. या हातांतून भोपाळच्या गल्लीतला बंब, शेगडी, शेकोटी आणि दिवाणाखाली लपलेले मूल असलेले एखादे पुस्तक निघावे, अशी माझी इच्छा आहे. माजी विद्यार्थ्यांत चित्रकार आहेत, मुद्रक आहेत. त्यांनी हे आपल्याला उद्देशूनच म्हटले आहे असे समजावे.

दिवाणाखालचा तो मुलगा आता मोठा आहे, गावाबाहेर असतो. मागच्या वर्षी तो आपल्या मुलीला घेऊन शाळा दाखवायला आला होता. मुलीने कपाटातून बंबाचे पुस्तक काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले. माकडाचे नव्हे, फायरमन स्मॉलचे. मी वाचू लागले. तोही शेजारच्या छोट्या खुर्चीवर गुडघे दुमडून बसला आणि घंटेचे पान आले तेव्हा त्यानेच टण टण केले.

पुढच्या शनिवारी बालवर्गात अग्निशमन केंद्रातले एक जवान येणार आहेत. आधी साध्या सदऱ्यात या, पोशाख पिशवीत आणा, असे मी त्यांना कळवले आहे. पालकांनी थांबावे. आजी-आजोबांनीही यावे. भोंगा वाजवला जाणार नाही.